घरी इंजिन बदललेल्या गाडीलाही तपासणीची वाट हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

घरामागच्या शेडमध्ये कुणी स्वतःच्या हातानं गाडी उभी केली की तिचा फोटो आपल्याकडं ठळकपणे छापला जातो. डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिरानं भंगारातून बांधलेली, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी गाडी साऱ्या देशानं पाहिली. आनंद महिंद्रा यांनी तिचं मनापासून कौतुक केलं, ती नियमांत बसत नाही हेही स्पष्ट लिहिलं, आणि तिच्या बदल्यात बोलेरो दिली. कौतुक योग्यच होतं. पण मागं उरलेला प्रश्न कुणी विचारला नाही. त्या गाडीचे ब्रेक पक्के आहेत का, वेल्डिंग टिकेल का, हे तपासून ‘चालेल’ किंवा ‘चालणार नाही’ असं सांगणारं दार आपल्या राज्यात कुठं आहे? तेव्हा नव्हतं, आजही नाही. हे पत्र त्या दारासाठी आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानंही हेच सांगितलं, की निर्मात्यानं नोंदवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२अ नव्यानं लिहिलं गेलं, आणि परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. त्याच प्रकारचं इंजिन घालून आरसी बुकावर नवा क्रमांक चढवता येतो. मान्यताप्राप्त सीएनजी किंवा बॅटरीचा संच बसवता येतो. दुसऱ्या जातीचं इंजिन मात्र कितीही नीट बसवलं तरी त्याचं पासिंग होत नाही.

याचा परिणाम रोज दिसतो. ज्यांना इंजिन बदलायचं ते बदलतातच. फक्त ते लपवून बदलतात, आणि लपवलेलं काम कुणी तपासत नाही. म्हणून तपासणीत काय काय पाहावं लागेल ते एका उदाहरणावरून सविस्तर लिहितो. घरी असं काम करणाऱ्यांनाही त्याचा उपयोग व्हावा.

प्रीमियर पद्मिनी घेऊ. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून उतरली. खासगी पद्मिनी मात्र गावोगाव ताडपत्रीखाली उभ्या आहेत. मूळ इंजिन १०८९ सीसीचं, कार्ब्युरेटरवालं. त्याजागी मारुती जिप्सीचं जी१३बीबी बसवायचं: १२९८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल फवारणारं), ६,००० आरपीएमला ८० अश्वशक्ती. हेच इंजिन एस्टीममध्येही होतं, पण तिथं ते आडवं आणि पुढची चाकं ओढणारं. पद्मिनीची चाकं मागून फिरतात. त्यामुळं जिप्सीचं उभं बसणारं इंजिन, तिचंच क्लच हाउसिंग, फ्लायव्हील आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स असा पूर्ण जुडगा घ्यावा. असं केलं की इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये अॅडॉप्टर प्लेट (न जुळणारे दोन भाग जोडणारी चकती) घालायचं सगळ्यात नाजूक काम टळतं.

जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो. तो मागं वेगळा असतो आणि मध्ये छोटा शाफ्ट असतो. म्हणजे तो काढून गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजवरून सरळ पद्मिनीच्या धुरीकडं (मागच्या एक्सलकडं) प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे फिरकी मागं नेणारा दांडा, नेता येतो. इथं बरेच जण फसतात. जिप्सीची स्पीडोमीटरची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, तो काढला की वेगाचा काटा मेला. ईसीयूला (इंजिनच्या संगणकाला) वेगाचा संकेत मिळाला नाही तर गाडी थांबताना इंजिनचं आयडलिंग, म्हणजे रिकामं मंद फिरणं, खाली-वर होतं, कधी बंदही पडतं. त्यावर उपाय म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर चुंबक लावून बाहेरून सेन्सर बसवणं. हे काम शेवटी आठवतं आणि तेव्हा जागा उरलेली नसते. आधीच ठरवावं.

धुरीचं प्रमाण (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) पुस्तकातून घेऊ नये, स्वतः मोजावं. मागची दोन्ही चाकं जमिनीपासून उचलून दोन्ही बरोबर एक फेरा फिरवायची आणि शाफ्टवर खडूची खूण करून तो किती फेरे फिरतो ते मोजायचं. दहा फेऱ्यांचं मोजून दहानं भागलं तर चूक कमी होते. उत्तर ४.३ आलं, टायरचा घेर १.८५ मीटर निघाला आणि जिप्सीचा पाचवा गिअर ०.७९५ धरला, तर ताशी ८० किलोमीटरला इंजिन सुमारे २,४६० आरपीएमवर फिरेल, चौथ्या गिअरमध्ये ३,१०० वर. हे उत्तम जुळतं, धुरी बदलायची गरज नाही.

जुनं इंजिन उतरवण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्यावी. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी, अशी दोन वजनं घ्यावीत. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही कोपऱ्यांची उंची लिहून ठेवावी. ओळंबा सोडून आणि दोरी ताणून गाडीची मध्यरेषा जमिनीवर आखावी, जुन्या इंजिनचा मागं झुकलेला कोन मापावा. अर्ध्या दिवसाचं काम आहे, पण पुढची प्रत्येक चर्चा या आकड्यांवर मिटते.

मग नवं इंजिन गिअरबॉक्ससकट चेन पुलीवर लटकवून बसवून पाहायचं. मोकळा ब्लॉक लटकवणं सोपं जातं म्हणून तेवढंच करतात, आणि नंतर अल्टरनेटर बॉडीला, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड स्टीअरिंग बॉक्सला आणि हेडचं मागचं टोक डॅशच्या पत्र्याला लागतं. म्हणून सगळे भाग चढवूनच बसवून पाहावं. इंजिन रबरावर हलतं, तेव्हा चारही बाजूंनी किमान २५ मिलिमीटर मोकळी जागा हवी. एक्झॉस्टपासून ब्रेकची आणि पेट्रोलची नळी याहून लांब असावी. तेवढी जागा नसेल तर मध्ये उष्णता अडवणारा पत्रा लावावा.

ऑइल सम्पची (इंजिनखालच्या ऑइलच्या भांड्याची) खोल बाजू क्रॉस मेंबरवर (पुढच्या आडव्या तुळईवर) आली तर काय कापायचं, हा सगळ्यात मोठा निर्णय. क्रॉस मेंबर कधीही कापू नये. पुढच्या सस्पेन्शनचा सगळा भार तिथं येतो आणि पद्मिनीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस आहे. कापायचा तो सम्प. त्याचा आकार बदलून वेल्ड करावा, पण त्याची मूळ क्षमता कमी होऊ देऊ नये. आतल्या ऑइल स्ट्रेनरचं (ऑइल ओढणाऱ्या जाळीचं) तोंड तळापासून आठ-दहा मिलिमीटरवर राहिलं पाहिजे. ते फार वर राहिलं तर वळणावर ऑइल बाजूला सरतं, पंप हवा ओढतो आणि क्रँकवरची बिग एंडची बेअरिंग जातात. आत एक-दोन अडसर पट्ट्या घालाव्यात. वेल्ड झाल्यावर सम्पमध्ये रात्रभर रॉकेल भरून ठेवावं. जिथून रॉकेल पाझरतं तिथून गरम ऑइल हमखास येतं.

माउंटिंगसाठी जिप्सीचेच रबर वापरावेत. ब्रॅकेट ५ मिलिमीटरच्या प्लेटचे, बोल्ट ८.८ ग्रेडचे, किमान एम१०. पातळ पत्र्यावर ब्रॅकेट नुसता चिकटवला तर काही महिन्यांत वेल्डच्या कडेनं पत्रा फाटतो, वेल्ड मात्र शाबूत राहतो. त्यासाठी पत्र्याच्या दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटरच्या पट्ट्या लावून भार पसरवावा, आणि पोकळ भागातून बोल्ट जात असेल तिथं आत नळी घालावी, म्हणजे आवळताना पत्रा दबत नाही. इंजिन जागेवर असताना फक्त टॅक (वेल्डचे तात्पुरते ठिपके) मारावेत, पूर्ण वेल्डिंग ते उतरवून करावं. वेल्डिंगआधी बॅटरी काढावी आणि ईसीयूचा कनेक्टरही. रबर टाळून लोखंडावर लोखंड घट्ट बसवलेलं इंजिन पहिल्या दिवशी दमदार वाटतं, पण सगळी थरथर बॉडीत उतरते आणि रेडिएटरचे जोड आधी सुटतात.

प्रोपेलर शाफ्टकडं सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. पुढच्या आणि मागच्या युनिव्हर्सल जॉइंटचे (शाफ्टला कोनात फिरू देणाऱ्या जोडांचे) कोन सारखे आणि उलट दिशेचे हवेत, साधारण एक ते तीन अंश. शून्य अंशही वाईट, कारण जोडाच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी घासून खड्डे पाडतात. दोन्ही टोकांचे योक (जोड धरणारे दुबेळके) एका रेषेत नसतील तर कितीही बॅलन्स केलं तरी ६० च्या पुढं गुरगुर जात नाही. सरकणारा जोड पूर्ण आत ढकलून मग सुमारे २५ मिलिमीटर बाहेर ठेवावा. पूर्ण आत टेकलेला शाफ्ट खड्ड्यात धुरी वर आली की गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर घण घालतो. शाफ्ट कापून जोडल्यावर तो यंत्रावर बॅलन्स करून घेतल्याशिवाय बसवू नये.

जुडगा न घेता दुसऱ्याच गिअरबॉक्सवर इंजिन चढवणाऱ्यांना अॅडॉप्टर प्लेट चुकत नाही. १२ मिलिमीटरची अॅल्युमिनियम प्लेट लेथवर आणि बोअरिंग मशीनवर नीट करून मिळते, कोल्हापुरात तर अशा कामाला तोड नाही. पण क्रँकचा मध्य आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचा मध्य एकच असायला हवा. फ्लायव्हीलवर डायल गेज (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापयंत्र) लावून हाउसिंगच्या भोकात एक फेरा फिरवल्यावर काट्याचा एकूण फरक ०.१३ मिलिमीटरच्या आत हवा. नुसत्या बोल्टांवर हे टिकत नाही, जागा पक्की धरणाऱ्या दोन डॉवेल पिना लागतात. शिवाय प्लेटच्या जाडीइतका इनपुट शाफ्ट मागं जातो, म्हणून त्याचं टोक क्रँकच्या टोकाच्या पायलट बेअरिंगमध्ये पुरेसं शिरतं का ते पाहावं. हे चुकलं तर क्लच दाबल्यावर किंचाळल्यासारखा आवाज येतो, गिअर आपोआप सुटतो, आणि लोक विनाकारण गिअरबॉक्सला दोष देतात.

इंजिन बाहेर असतानाच टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचा मागचा ऑइल सील, क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवं घालावं. नंतर यातल्या एकेका वस्तूसाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

आगीचा खरा धोका पेट्रोलच्या मार्गात आहे. कार्ब्युरेटरच्या पंपाचा दाब ०.२ ते ०.३ बार असतो, एमपीएफआयला सुमारे ३ बार लागतो, म्हणजे दहापट. जुनी रबर नळी आणि साधी स्क्रूची क्लिप तो दाब फार दिवस सोसत नाही. गरम मॅनिफोल्डवर पेट्रोलचा फवारा उडाला की बॉनेट उघडायलाही वेळ मिळत नाही. नळी इंजेक्शनसाठी बनवलेलीच हवी, क्लिप पूर्ण गोल आवळणारी. पंप टाकीच्या खालच्या पातळीला बसवावा, कारण हे पंप ढकलतात चांगले, ओढतात वाईट. टाकीत अडसर नसेल तर एक-दीड लिटरची छोटी टाकी मध्ये घालावी, नाहीतर पाव टाकीवर वळण घेताना इंजिन तुटक चालतं. इंजिन बंद पडताच पंपाचा वीजप्रवाह तोडणारा रिले आणि आपटल्यावर तोडणारा स्विच, दोन्ही हवेत. तपासनीसानं गाडीखाली शिरून सगळ्यात आधी हेच पाहावं.

वायरिंगमध्ये ईसीयू, इमोबिलायझर (चोरीरोधक यंत्रणा) आणि चावी तिन्ही एकाच गाडीची घ्यावीत. नुसता ईसीयू आणला तर स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही. हार्नेस (वायरींचा जुडगा) कापून आणू नये, प्रत्येक कनेक्टरसकट उतरवून आणावं. नव्वद टक्के भुतं अर्थिंगमध्ये असतात: इंजिन ते बॉडी, बॅटरी ते बॉडी, आणि ईसीयूची अर्थ जिप्सीत जिथं होती तिथंच इंजिनवर. स्टार्टर फिरत असताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिन ब्लॉकपर्यंत मीटरवर ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड खरवडून साफ करावा.

रेडिएटरचं थोडक्यात. जिप्सीचा किंवा तितक्या क्षेत्रफळाचा घ्यावा, पंख्याला श्राउड (भोवतालचं आवरण) हवंच, थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत त्याचा मार्ग अडवणारा व्हॉल्व्ह) काढून टाकू नये. ‘गरम होतंय, थर्मोस्टॅट काढ’ हा सल्ला एमपीएफआयला घातक आहे. इंजिन थंडच राहतं, ईसीयू जादा पेट्रोल ओततो आणि पीयूसीत गाडी नापास होते. भरताना हवा पूर्ण काढावी. हवेचा एक बुडबुडा हेडमध्ये अडकला तर काटा शांत दाखवतो आणि हेड वाकतं.

आता ब्रेक. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच, आणि घरगुती कामात सगळ्यात शेवटी आठवते. मूळ इंजिनच्या मानानं शक्ती जवळपास दुप्पट झाली. ताशी ६० वरून ९० ला गेल्यावर थांबवायची ऊर्जा दीडपट होत नाही, सव्वादोनपट होते. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम आहेत, आणि ड्रम घाटात तापले की पेडल कडक राहतं पण गाडी थांबत नाही. पुढं डिस्क बसवावी, आणि टँडम मास्टर सिलिंडर घालून पुढचा व मागचा मार्ग वेगळा करावा, म्हणजे एक नळी फुटली तरी दोन चाकं धरतात. पुढं डिस्क बसवली की मागची चाकं आधी लॉक होता कामा नयेत, त्यासाठी दाब वाटणारा व्हॉल्व्ह लागतो. मागची आधी लॉक झाली तर ओल्या रस्त्यावर गाडी फिरून तोंड मागं करते. खरं तर ब्रेकचं काम इंजिनच्या आधी करावं. चांगले ब्रेक आणि जुनं इंजिन असलेली गाडी बिनधोक चालते, उलटं केलेली नाही.

पहिल्यांदा सुरू करताना इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून, ऑइलचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर फिरवावा. मग कनेक्टर लावून सुरू करावं आणि वीस मिनिटं समोर उभं राहून फक्त गळती पाहावी. आवारात शंभर किलोमीटर झाले की माउंटिंग, शाफ्ट आणि स्टीअरिंगचे सगळे बोल्ट पुन्हा आवळावेत. एकदा तरी सगळे सैल झालेले सापडतात.

इतकं सविस्तर लिहिलं ते एवढ्यासाठी, की यातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी, डायल गेजनं, प्रेशर गेजनं किंवा रोलरवर मोजता येते. इतर देशांनी तेच केलं आहे. जर्मनीत अशी एकेक गाडी मान्यताप्राप्त अभियंत्यासमोर उभी करून तिची स्वतंत्र मंजुरी घेता येते. ब्रिटनमध्येही एकेका गाडीची वैयक्तिक तपासणी होते. तिथं वर्षानुवर्षे वापरलेल्या गुणपद्धतीत मूळ सांगाड्याला ५ गुण होते. सस्पेन्शन, धुऱ्या, गिअरबॉक्स आणि स्टीअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनला फक्त १. जुना नोंदणी क्रमांक टिकवायला ८ गुण पुरत, पण सांगाड्याचे ५ असलेच पाहिजेत. म्हणजे इंजिन बदललं एवढ्यावरून गाडीची ओळख पुसत नव्हती, सांगाडा कापला तर पुसत होती. यातला तांत्रिक विचार आम्हाला पूर्ण पटतो.

आपल्याकडं हे जमणार नाही असं म्हणता येत नाही. देशातलं सर्वांत जाणतं वाहन संशोधन केंद्र, एआरएआय, पुण्यात आहे. फॉर्म्युला आणि बाहा या विद्यार्थ्यांच्या मोटारस्पर्धांसाठी आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांतली मुलं दर वर्षी गाड्या बांधतात. त्या गाड्यांची तांत्रिक तपासणी इतकी कडक असते की चारही चाकं लॉक करून दाखवल्याशिवाय ट्रॅकवर जाता येत नाही. वाहनांच्या स्वयंचलित तपासणी केंद्रांत प्रत्येक चाकाचा ब्रेक किती धरतो हे रोलरवर कळतं. यंत्रंही आहेत आणि माणसंही.

केंद्र सरकारनं नियमांत एकेका गाडीच्या तपासणीची तरतूद करावी, आणि राज्याच्या परिवहन विभागानं तिचा आग्रह धरावा. सुरुवात आखूड ठेवता येईल: सांगाडा न कापलेली गाडी, मूळ इंजिनपेक्षा नव्या किंवा तितक्याच नव्या उत्सर्जन मानकाचं इंजिन, शक्तीवाढीला मर्यादा, पुढं डिस्क आणि दुहेरी ब्रेक मार्ग सक्तीचे. शुल्क पाच आकडी ठेवलं तरी प्रामाणिक माणूस भरेल. विमा कंपन्यांनाही त्या प्रमाणपत्रावर गाडी स्वीकारता येईल. आज न कळवता केलेल्या बदलामुळं दावा नाकारला जाऊ शकतो, आणि त्याची झळ अपघातात सापडलेल्या तिसऱ्याच माणसाला बसू शकते.

तरतूद होईपर्यंत अशी गाडी सार्वजनिक रस्त्यावर आणू नये. शेत, खासगी आवार, नाहीतर मोटारस्पोर्टचं मैदान, एवढीच तिची जागा. काम सुरू असलेल्यांनी मात्र आतापासून कागद जपावेत. इंजिन भंगार बाजारातून घेताना मूळ गाडीच्या आरसीची प्रत आणि विक्रीची पावती घ्यावी. ब्लॉकवरचा क्रमांक आरसीशी स्वतः ताडून पाहावा. क्रमांक घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला दिसला तर कितीही स्वस्त असलं तरी ते इंजिन उचलू नये. आणि प्रत्येक वेल्डचा रंग लावण्याआधी फोटो काढून ठेवावा. उद्या तपासनीस समोर आला तर रंगाखालचं काम दाखवायला दुसरा पुरावा नसतो.

आपला,
एक वाचक (मोटार दुरुस्ती व फॅब्रिकेशन), कोल्हापूर